रेशमावर बाटिक: रेघेखालून रंग शिरतो आणि काळ्याचा तपकिरी होतो

शेवंती

नमस्कार मंडळी. रेशमी दुपट्ट्यावर मेणाचं बाटिक (मेणाने नक्षी झाकून कापड रंगवणं) करतेय, चार ठिकाणी अडलंय. आधी तपशील देते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

कापड ८ मोमेचं (मोमे म्हणजे रेशमाच्या वजनाचं माप) चायना सिल्क, अडीच मीटर, पन्हा ४४ इंच. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. मेण ७० भाग पॅराफिन, ३० भाग मधाचं मेण, वर चिमूटभर राळ. पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा, अशा रीतीने वितळवलं. बारीक रेघांना जांटिंग (चिमुकल्या वाटीला बारीक तोंड असलेलं मेणाचं पेन), मोठ्या जागा मेणाने भरायला कुंचला. कापड टेबलावर प्लास्टिक अंथरून त्यावर पसरलं होतं. रंग एम ब्रँडचे कोल्ड रिॲक्टिव्ह (थंड पाण्यात धाग्याला धरणारे), क्रमाने पिवळा, लाल, काळा, प्रत्येकी ३ ग्रॅम. दर बाथला (कापड बुडवायच्या रंगाच्या पाण्याला) लिटरमागे ३० ग्रॅम धुण्याचा सोडा, ५० ग्रॅम मीठ, वेळ एक तास. शेवटी सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात मेण काढलं.

झालं ते असं:
१. रेघ समोरून स्वच्छ दिसते, उलट बाजूने रंग रेघेखाली शिरलेला.
२. लाल बाथनंतर मेणाचे पापुद्रे सुटायला लागले.
३. काळा काळा आलाच नाही, तपकिरी-मरून आला.
४. मेण काढल्यावर तेलकट चट्टे राहिले आणि रेशमाची चमक गेली.

मूळ चूक कुठे आहे? आणि काही फुलं बाथमध्ये न बुडवता नुसत्या कुंचल्याने रंगवायची असतील तर रंग कसा तयार करायचा?

कुंचला

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच: मेण पुरेसं तापलेलं नाही. मेण वितळलं म्हणजे तापलं असं नसतं. पॅराफिन जातीप्रमाणे ५० ते ६५ अंशांत वितळतं, मधाचं मेण ६२ ते ६४ अंशांत. पाण्यातल्या डब्यात मेण जेमतेम ८५-९० अंशांपर्यंत जातं, कारण खालचं पाणीच १०० च्या वर जात नाही. जांटिंगच्या तोंडातून बाहेर पडून कापडाला टेकेपर्यंत त्यातले आणखी दहा-पंधरा अंश उतरतात. असं मेण रेशमाच्या पाठीपर्यंत पोचत नाही, वरच्या अंगावर थिजून बसतं. समोरून रेघ भरीव, मागून धागा कोरडा. बाथमध्ये कापड बुडवलं की रंग मागून आत येतो, आणि नुसतं वर बसलेलं मेण दुसऱ्या बाथच्या घडीवळीत पापुद्र्यासारखं उचलतं.

रेशमाला जांटिंगसाठी ११० ते ११५ अंश, रुंद कुंचल्यासाठी १२० पर्यंत. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर चालतो, २०० अंशांपर्यंत मोजणारा घ्या. इलेक्ट्रिक शेगडी किंवा तापमान ठरवता येणारं खोलगट भांडं घ्या, उघड्या ज्योतीवर मेण ठेवू नका. धूर दिसला, डोळे चुरचुरले की मेण फार तापलंय, लगेच उतरवा. झाकण हाताशी असू द्या. मेणाने पेट घेतला तर झाकण टाकायचं आणि शेगडी बंद करायची. पाणी अजिबात नाही, पाण्याने पेटतं मेण उडतं.

तापमान बरोबर आहे का, हे थर्मामीटरपेक्षा कापड जास्त खरं सांगतं. त्याच कापडाचा तुकडा उजेडासमोर धरून एक रेघ ओढा. नीट मुरलेली रेघ तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक दिसते आणि उलट बाजूलाही तितकीच रुंद असते. रेघ पांढुरकी, उंचवट्याची दिसली तर मेण थंड. टेकवताक्षणी दोन्ही बाजूंना पसरून रेघेची पट्टी झाली तर फार गरम. ८ मोमेचं कापड पातळ आहे, चौरस मीटरला सुमारे ३५ ग्रॅम. त्यावर मेण सुतीपेक्षा भरभर पसरतं. म्हणून जांटिंगचं तोंड बारीक, साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, आणि हात न थांबता चालता ठेवा. वाटी अर्धीच भरा. डब्यापासून कापडापर्यंत नेताना तोंड वर आणि खाली घडी घातलेला फडका, म्हणजे थेंब पडत नाही. अर्ध्या मिनिटाने जांटिंग पुन्हा मेणात बुडवून तापवायचं, त्यातलं मेण संपलं नसलं तरी.

दुसरी चूक प्लास्टिकची. मागून बाहेर आलेलं मेण प्लास्टिकला चिकटतं आणि कापड उचलताना पाठीचा थर तिथेच राहतो, म्हणजे मुरलेलं मेणही वाया. रेशीम चौकटीवर ताणा, खाली दोन इंच तरी मोकळी जागा हवी. तीन टोकांच्या बारीक पिना मिळाल्या तर उत्तम, साध्या टाचण्यांनी धागा ओढला जातो. इंडोनेशियातल्या जाव्यात बारीक कामाला कापड उलटं करून तीच रेघ मागूनही मेणाने गिरवतात. तुमच्या पातळ कापडाला बारीक रेघांपुरती त्याची गरज नाही, पण मोठ्या भरीव जागा मागून एकदा पाहून घ्या. जिथे पांढुरकं किंवा कोरडं दिसेल तिथे मागून कुंचला फिरवा.

आणखी एक. नवीन कापड धुतलं होतं का? खळ किंवा रेशमाचा स्वतःचा डिंक शिल्लक असेल तर मेणही नीट धरत नाही आणि रंगही. रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात ६० अंशांवर वीसेक मिनिटं, मग भरपूर खंगाळून, सावलीत वाळवून, अर्धवट दमट असताना इस्त्री.

रंगशाळा

कुंचला यांनी तापमान सांगितलंच आहे, मी मेणाच्या मिश्रणावर आणि सोड्यावर बोलते.

७० टक्के पॅराफिन भेगांसाठी (मेण तडकून रंगाच्या बारीक शिरा उमटतात त्या) चांगलं, रेघांसाठी नाही. पॅराफिन ठिसूळ, मधाचं मेण लवचिक. स्वच्छ रेघ हवी तिथे निम्मं-निम्मं घ्या. भेगा मुद्दाम हव्या असतील तर त्या जागेपुरतं दुसरं भांडं करा, ८० पॅराफिन आणि २० मधाचं. एकाच डब्यातून दोन्ही कामं होत नाहीत.

राळ पकड वाढवते, पण ५ टक्क्यांच्या वर नको. राळ आणि मधाचं मेण दोन्हींवर अल्कलीचा (सोड्यासारख्या क्षाराचा) परिणाम होतो, पॅराफिनवर होत नाही. सुती बाटिक उकळताना पाण्यात सोडा घालतात तो याच कारणाने, मेण लवकर सुटावं म्हणून. तुम्ही लिटरला ३० ग्रॅम सोड्यात तासतासभर तीन वेळा बुडवलंत. तितका वेळ मेणाची पकडही सैल होत होती आणि रेशीमही झिजत होतं.

रेशमाला इतका सोडा लागतही नाही. सुतीत रंग सेल्युलोजला धरतो, त्याला वरचा पीएच, म्हणजे जास्त अल्कली, हवा. रेशीम प्रथिन आहे, त्यात रंगाला धरायला तयार गट असतात, सौम्य अल्कलीतही काम होतं. ८ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा दर लिटरला पुरे, तोही पहिली वीस मिनिटं रंग आणि मीठ मुरल्यावर घालायचा. १०० ग्रॅम कापडाला ३ लिटर पाणी धरा, मध्यम छटेला २ ग्रॅम रंग. पाणी २५ ते २८ अंश. २० च्या खाली मेण तडकतं, ३५ च्या वर मऊ पडतं. म्हणून मेच्या दुपारी बाथ करू नका, सकाळी करा, आणि मेण लावलेलं कापड उन्हात वाळत घालू नका.

कापड बादलीत कोंबू नका. मोठा उथळ ट्रे घ्या, शक्य तेवढं सपाट बुडेल असा. बुडवण्याआधी साध्या थंड पाण्यात पूर्ण ओलं करून घ्या, नाहीतर पहिल्या स्पर्शालाच रंगाचे ढग उमटतात.

रंगाच्या पुड्यावर ‘एम’ आहे ना, हे पुन्हा बघा. दुकानात ‘एच’ ब्रँडही त्याच रांगेत असतो. तो गरम बाथचा, थंड पाण्यात धरत नाही आणि धुताना निघून जातो.

कुंचला

काळ्याबद्दल. पुडीतला काळा बहुतेक वेळा एकच रंग नसतो, गडद निळा, लाल-नारिंगी आणि पिवळा यांचं मिश्रण असतं. प्रमाण सुतीवर काळं दिसावं म्हणून बसवलेलं. रेशीम त्यातल्या प्रत्येकाला वेगळ्या ओढीने घेतं, निळा मागे पडतो आणि लाल पुढे येतो. तुमच्याकडे खाली पिवळा आणि लाल आधीच बसलेले, त्यामुळे तपकिरी आणखी उठला. शिवाय ३ ग्रॅम म्हणजे कापडाच्या वजनाच्या ३ टक्के. काळ्याला रेशमावर ८ टक्के तरी लागतो.

१०० ग्रॅम कापडाला ६ ग्रॅम काळा आणि २ ग्रॅम नेव्ही निळा घेऊन चाचणीची पट्टी काढा. खाली लाल असेल तर नेव्हीतला अर्धा ग्रॅम काढून त्याजागी फिरोजी घाला, लालाचा तोच विरोधी रंग. वेळ दीड-दोन तास. पट्टी नेहमी त्याच दुपट्ट्याच्या कडेची आणि त्याच पिवळ्या-लाल बाथमधून गेलेली असावी. कोऱ्या रेशमावर काढलेली काळ्याची पट्टी तुम्हाला फसवेल.

थंड बाथमध्ये गडद निळाच हवा असेल तर निळीचाही (इंडिगो) विचार करा. निळीला उष्णता लागत नाही. जाव्यातलं जुनं बाटिक निळीवर उभं राहिलं त्याचं एक कारण हेच, मेण न वितळता गडद छटा देणारा रंग हाताशी होता.

टसरप्रेमी

जाव्याचा विषय निघाला म्हणून: बाटिक म्हटलं की सुती कापड डोळ्यासमोर येतं, पण जाव्याच्या उत्तर किनाऱ्यावर, जुआना आणि रेंबांगच्या बाजूला, रेशमी खांदेवस्त्रांचं बाटिक होत असे, त्याला लोकचान म्हणतात. आपल्याकडे १९२७ साली रवींद्रनाथ जाव्याला जाऊन आले, त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजलं. तेव्हा रेशमावर हे काम होतच नाही असं कुणी दुकानदार म्हणाला तर ऐकू नका.

भंडाऱ्याकडचा टसर (जंगली रेशीम) घ्यायचा विचार असेल तर गणित थोडं बदलतं. टसरचा मूळ रंगच सोनेरी-तपकिरी, मेणाखाली पांढरं नाही तर मधाच्या रंगाचं राहतं. ते छान दिसतं, पण पिवळा बाथ त्यावर जवळपास दिसत नाही, थेट लालापासून सुरुवात करा. टसर मलबरीपेक्षा (नेहमीच्या पांढऱ्या रेशमापेक्षा) रंग कमी ओढतो, रंग दीडपट धरा. सूत जाड आणि गाठाळ, मेण १२० ते १२५ अंश लागतं आणि मागची बाजू हमखास पुन्हा भरावी लागते. गाठीच्या जागी मेण पाठीपर्यंत पोचत नाही, रंग तिथूनच फुटतो.

रंगशाळा

चौथी तक्रार राहिली, तेलकट चट्टे आणि गेलेली चमक.

चमक सोड्याच्या उकळीने गेली. गरम अल्कली रेशमाचा धागा खाते. मरगळ थोडी असेल तर लिटरला १० मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यातून शेवटचं खंगाळा, रेशमाची सळसळ बरीच परत येते. धागाच खाल्ला गेला असेल तर परत येत नाही.

चट्ट्यांचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गरम पाण्यात मेण सुटतं आणि वर तरंगतं. कापड बाहेर काढताना ते त्याच तरंगत्या थरातून वर येतं आणि मेण पुन्हा अंगावर घेतं. म्हणजे धुऊन झालेलं कापड शेवटच्या दोन सेकंदांत पुन्हा माखतं.

क्रम असा ठेवा. शेवटच्या बाथनंतर थंड पाण्यात खंगाळून सावलीत पूर्ण वाळवा. मेणावर रंगाचे मणी सुकलेले दिसतील, ते ओल्या कापसाने टिपून घ्या. हे टाळलंत तर इस्त्रीखाली मेण वितळताच तो रंग पांढऱ्या रेघेत उतरेल, आणि तुम्हाला वाटेल मेणच गळलं. मग छपाई नसलेला कोरा न्यूजप्रिंट खाली पाच-सहा, वर दोन-तीन थर, इस्त्री रेशीम आणि लोकर यांच्या मधल्या खुणेवर. कागद पारदर्शक झाला की बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

इतकं झाल्यावर ८५-९० अंशांच्या पाण्यात सौम्य साबण, सोडा नाही, पाच-सात मिनिटं ढवळत राहा. आता कापडावर जड ताटली उलटी ठेवून ते तळाशी दाबा आणि भांडं तसंच गार होऊ द्या. वर मेणाची चकती बनते, ती उचलून काढा, मगच कापड बाहेर. असं दोन ते तीन वेळा. हे पाणी मोरीत ओतू नका, नळी तुंबते, आधी फडक्यातून गाळा.

बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची पांढरी खपली कापडावर बसते आणि ती मेणासारखीच वाटते. पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या.

टसरप्रेमी

इतकं उकळण्यापेक्षा इस्त्रीनंतर सरळ ड्रायक्लीनला द्यावं. रेशमाला तेच सुरक्षित, पोत राहतो आणि कापड अंगावर छान पडतं.

रंगशाळा

मेणापुरतं बरोबर आहे. पण ड्रायक्लीनच्या द्रावणात न धरलेला रिॲक्टिव्ह रंग निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळणारा आहे. तो कापडात तसाच राहतो आणि पहिल्या पावसात किंवा घामात पांढऱ्या रेघेवर पसरतो. म्हणून आधी गरम पाण्याची धुलाई, पाणी नितळ येईपर्यंत, आणि उरलेल्या मेणासाठी ड्रायक्लीन. दुकानदाराला मेण आहे हे आधी सांगा. घरी पेट्रोल किंवा रॉकेलने काढायचा प्रयत्न कुणी करू नका.

शेवंती

मनापासून आभार. कडेच्या पट्ट्यांवर तीन तापमानं करून पाहिली. ९० ला रेघ मागून तुटक, ११२ ला दोन्ही बाजूंनी सारखी, १३० ला दीडपट रुंद. निम्म्या-निम्म्या मेणाचा दुसऱ्या बाथनंतर एकही पापुद्रा सुटला नाही. ६ आणि २ चा काळा बऱ्यापैकी काळा आला, लालावर अजून किंचित तांबूस आहे.

आता फक्त कुंचल्याने फुलं रंगवायचं राहिलं. पाकळीच्या मध्ये रंग टेकवला की कडेला गडद वर्तुळ पडतं.

कुंचला

तांबूसपणासाठी फिरोजी आणखी पाव ग्रॅम वाढवून पाहा.

वर्तुळ पडतं कारण पातळ रंग कापडातून बाहेर धावतो, वाळताना कडेला साचतो. दोन उपाय, दोन्ही एकत्र करा. रंग किंचित घट्ट करा, लिटरला ३ ते ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचा डिंक), आदल्या रात्री भिजवून. आणि पाकळी आधी त्याच अल्जिनेटच्या बिनरंगी पाण्याने सारखी ओली करून मग ओल्यावर ओलं रंगवा. रंग मधे टेकवा आणि मेणाच्या कडेपर्यंत स्वतः जाऊ द्या. कुंचला कडेवर घासलात तर मेणाची धार मोडते.

रंगाचं प्रमाण: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम युरिया. हवा दमट असेल, पावसाळा असेल, तर ५०. मध्यम छटेला १० ते २० ग्रॅम रंग, गडदला ३० ते ४०. हे मूळ द्रावण गार ठेवलं तर काही दिवस टिकतं, अल्कली घातल्यावर टिकत नाही. म्हणून लागेल तेवढाच भाग वेगळा काढा. ४ भाग खाण्याचा सोडा आणि १ भाग धुण्याचा सोडा कोरडे मिसळून ठेवा, २५० मिलिलिटर रंगाला त्यातला एक सपाट चहाचा चमचा, वापरायच्या आधी लगेच. तीनचार तासांत संपवा, नंतरचा रंग दिसतो तितकाच गडद पण धरत नाही.

रंगवून झालं की कापड न वाळवता प्लास्टिकखाली झाका, २५ अंशांच्या वर चोवीस तास. कापड वाळलं की रंगाचं धरणं थांबतं, युरिया घालतो तो ओल टिकावी म्हणून. चौकटीच्या वरून प्लास्टिक ताणा, ते रंगाला टेकता कामा नये, टेकलं तिथे डाग पडतो.

निरगुडी

वाफेवर पक्के होणारे ॲसिड रंग मेणाबरोबर वापरता येतात का? रेशमावर ते फार झळकतात.

रंगशाळा

बाथमध्ये नाही, त्यांना उष्णता लागते आणि मेण वितळतं. कुंचल्याने रंगवायचं असेल तर होतं. रंग पूर्ण वाळल्यावर मेण इस्त्रीने शक्य तितकं काढा, कापड कोऱ्या न्यूजप्रिंटमध्ये असं गुंडाळा की कापडाला कापड कुठेच टेकणार नाही, आणि मोदकपात्रात किंवा उंच भांड्यात जाळीवर ठेवून ४५ मिनिटं ते एक तास वाफ द्या. उरलेलं मेण त्या वाफेत कागदच शोषून घेतो. झाकणाला आतून पंचा बांधा आणि गुंडाळीवर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी करा. वाफेचा एक थेंब पडला तरी तिथे रंग फुटतो. ते भांडं पुन्हा खाण्याला वापरू नका.

पण एकदा वाफ दिली की तिथे मेण नाही, पुढचा बाथ द्यायचा तर पुन्हा मेण लावावं लागेल. म्हणून ॲसिड रंग एकाच टप्प्यात संपणाऱ्या कामाला घ्या.

शेवंती

शेवटचं एक. चकतीचं काढलेलं मेण पुन्हा वापरता येतं का?

कुंचला

येतं, पण त्यात पाणी अडकलेलं असतं. तसंच तापवलं तर १०० अंशांना तडतडून उडेल. आधी मंद आचेवर ९० ला अर्धा तास वितळलेलं ठेवा आणि गार होऊ द्या. पाणी आणि गाळ तळाशी बसतात. चकती उलटी करून खालचा मळकट थर सुरीने खरवडून काढा, मग पुन्हा वितळवून मलमलीतून गाळा. रंग उतरलेलं मेण पांढऱ्या राहणाऱ्या पहिल्या रेघांना घेऊ नका, काळ्याआधीच्या शेवटच्या भरणीला घ्या. दोनतीन वापरांनंतर त्यात मधाचं किती आणि पॅराफिन किती हे कळेनासं होतं. अशा वेळी एक थेंब कागदावर गार करून वाकवा. तुटला तर मधाचं मेण वाढवा.